कांताबाईले स्वतः विचारायचं होतं

इंग्रजी शिकायची हौस मले कधीच नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नाही तं लोक म्हणतील, गोपिका म्हातारपणी मॅडम बनाले निघाली. मी क्लासले गेली ती कांताबाईच्या पायी. ती म्हणे, "एकटीले लाज वाटते वं, तू चाल माझ्यासंग." मी म्हटलं, "दोघी गेलो तं लाज अर्धी होते का?" पण गेली. बाजूच्या घरातल्या बाईनं एवढ्या वर्षांत कधी काही मागितलं नाही, अन् मागितलं तेव्हा मी नाही म्हणू?

आमच्या दोघींचे मालक खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. कॉलनीत बी आम्ही एकाच जिन्यावर राहत होतो. रिटायर झाल्यावर शहरात जरीपटका भागाच्या मागं एका ले-आउटमधे बाजूबाजूनं प्लॉट घेतले, घरं बांधली. तिचे मालक मंग लवकरच गेले. माझे आहेत, टीव्हीपुढं बसून आहेत.

तिले दोन पोरं. मोठा जितेंद्र, गांधीबागेत कपड्याच्या ठोक दुकानात नोकरीले. त्याचं लग्न झालं नाही, मायजवळच राहते. धाकटा संघपाल. हा मोठा गोड पोट्टा. शाळेतून आला का आधी माझ्या घरात घुसायचा, डब्यातला चिवडा खायचा अन् मंग आपल्या घरी जाऊन मायले सांगायचा, भूक नाही म्हणून. नर्सिंग शिकला अन् आयर्लंडले गेला. तिथंच दवाखान्यात मरिसेल नावाची नर्स होती, फिलिपिन्सची. तिच्यासंग लग्न केलं. कांताबाई थोडे दिवस फुगली, हे खरं आहे. मंग नात झाली, तिचं नाव खुशी ठेवलं, अन् हिचा फुगवटा उतरला. दर रविवारी व्हिडिओ कॉल. मरिसेल पडद्यावरून हात जोडायची, ही इकडून हात जोडायची. बोलणं तेवढंच.

गेल्या साली होळीच्या आधी कांताबाईच्या हृदयात स्टेंट घातला. डॉक्टरनं जितेंद्रले बाजूले घेऊन सांगतलं, जपा, धक्का सहन नाही होणार. अन् त्याच महिन्यात तिकडं संघपालचा कॅन्सर निघाला. स्वादुपिंडाचा. तो निघते तेव्हाच शेवटच्या टप्प्यावर असते म्हणतात.

आमच्याकडं एक रीत आहे. वाईट बातमी म्हाताऱ्या माणसाले सगळ्यात शेवटी सांगायची. माझा जेठ, मालकांचा मोठा भाऊ, गेला तेव्हा सासूले दहा घरं फिरून बातमी कळली, अन् सगळे म्हणत होते, किती सांभाळलं बाईले. जितेंद्रनं तेच केलं. मायचा मोबाईल बिघडला म्हणून दुरुस्तीले नेला, तो काही आणला नाही. संघपालले डबल ड्युटी आहे, सुट्टीच भेटून नाही राहिली, असं सांगत राहिला. मले बी तेच सांगतलं. अन् उन्हाळ्यात एक दिवस सकाळी मायच्या पायापाशी बसला अन् म्हणे, "आई, संघपाल गेला."

मी धावत गेली तं कांताबाई भिंतीले टेकून बसली होती. रडत नव्हती. तिले वाटून राहिलं होतं कोणाची तरी चूक झाली आहे. मी जितेंद्रले आंगणात नेऊन इतकं बोलली, इतकं बोलली का माझाच बीपी वाढला. "पोरगा मरून राहिला अन् मायले पत्ता नाही? तुले काही वाटलं नाही गा?" तो म्हणे, "काकू, दोघं बी गेले असते तं मी काय केलं असतं?" त्याचं बी खोटं नव्हतं, म्हणून मी आणखी चिडली.

दिवस गेले. कांताबाईनं पोराले माफ केलं का नाही, मले माहीत नाही. ती त्याच्या पोळ्या करायची, डबा भरायची, काही बोलायची नाही. एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा विचारायची. "जितू, तो शेवटी माझं विचारत होता का गा?" अन् जितेंद्र म्हणायचा, "त्याले शुद्धच नव्हती, आई. तो काही बोललाच नाही."

मरिसेलचे फोन यायचे. ती पडद्यावर रडत रडत कितीतरी वेळ बोलायची. मंग जितेंद्र मायकडं वळून सांगायचा, "सगळं ठीक आहे म्हणते. तब्येतीची काळजी घ्या म्हणते." एकदा मी बी बाजूले बसली होती. कांताबाई म्हणाली, "एवढी मोठी बोलली अन् तू एवढंसंच सांगतलं?" तो म्हणे, "इंग्रजीत लांबच बोलतात, आई." बाप्पा! माझ्यासमोर बोलला हे. मी त्याच्याकडं पाहिलं तं त्यानं नजर खाली केली.

त्याच दिवशी कांताबाई मले म्हणाली, "मले इंग्रजी शिकायचं आहे."

मी म्हटलं, "आता मोबाईलमधे सगळं होते. आपण मराठीत बोललं का तो इंग्रजीत सांगते." करून बी पाहिलं. पण त्या मशीनले आपली बोली कुठं कळते? 'काहून' म्हटलं का ते गप. मंग मी म्हटलं, दुसऱ्या कोणाले विचाराले लाव, शिकलेले लोक काय कमी आहेत का. कांताबाई म्हणे, "नाही वं. दुसऱ्याच्या तोंडून विचारलं का उत्तर बी त्याच्या सोयीचं येते. मले स्वतः विचारायचं आहे. डिसेंबरात मरिसेल येऊन राहिली, अस्थी घेऊन. तोपर्यंत मले एवढं तरी आलं पाहिजे."

विहारात दुपारी मेघा नावाची पोरगी क्लास घ्यायची. फुकट. कॉलेज झालेली, नोकरी शोधत होती, बसून राहण्यापेक्षा शिकवते म्हणे. तिची पद्धत वेगळी. पुस्तक नाही, पाठांतर नाही. दोघादोघांची जोडी लावायची अन् रोजचं बोलणं बोलून घ्यायचं. एक भाजीवाली, एक गिऱ्हाईक. एक डॉक्टर, एक पेशंट. बोलता बोलता व्याकरण येते, असं तिचं म्हणणं. अन् मराठी बोलली का उभं राहाव लागायचं. पहिल्या आठवड्यात मी अर्धा क्लास उभीच होती.

भैयाजी ऑटोवाला बी यायचा. विमानतळावरच्या सवाऱ्यांसाठी शिकत होता. त्याले एकच वाक्य पक्कं होतं, "व्हेअर आर यू गोइंग, मॅडम?" ते तो सगळ्या बायांले विचारायचा. कांताबाईले विचारलं तं ती म्हणाली, "आय ॲम गोइंग टू माय होम." सगळे हसले. ती बी हसली. संघपाल गेल्यावर मी तिले पहिल्यांदा हसताना पाहिलं, अन् मले मेघाचा, भैयाजीचा, सगळ्यांचाच लळा लागला.

मी भाजीवाली चांगली बनत होती, हे मेघा बी मान्य करन. "टोमॅटो इज व्हेरी फ्रेश. नो, नो, नॉट लेस." कांताबाई गिऱ्हाईक. ती भाव करतच नव्हती. सांगितला तेवढा भाव देऊन मोकळी. मी म्हटलं, "अवं, जरीपटक्याच्या बाजारात वांग्याच्या एका किलोसाठी अर्धा तास भांडतं अन् इथं काय झालं तुले?" मेघानं मले उभं केलं.

दिवाळीच्या नंतर मेघा म्हणाली, आता प्रत्येकानं आपापलं बोलणं बोलायचं. आपल्याले खरोखर ज्याच्यासंग बोलायचं आहे, ते. कोणाले बँकेतल्या साहेबासंग, कोणाले पोराच्या शाळेत. कांताबाईनं मले समोर बसवलं अन् म्हणाली, "तू मरिसेल हो."

मी झाली मरिसेल. तिनं आधी प्रवासाचं विचारलं. मंग खुशीचं, काय खाते, काय शिकते. मंग थांबली. पदर नीट केला. अन् म्हणाली, "डिड ही आस्क फॉर मी?"

त्यानं माझं विचारलं का.

मेघानं तिले ते वाक्य आठवडाभर घोटून दिलं होतं. एकदम बरोबर म्हटलं. माझा जीव गलबलला. मी म्हटलं, "यस. एव्हरी डे. ही आस्क्ड एव्हरी डे."

कांताबाई चिडली. क्लासमधे, सगळ्यांसमोर, मराठीत. "तू नको सांगू. तुले काय माहीत? तू म्हण, 'आय डोन्ट नो'." मेघानं तिले उभं केलं नाही.

तेव्हापासून रोज तसंच. ती विचारायची, "डिड ही आस्क फॉर मी?" अन् मी म्हणायची, "आय डोन्ट नो." क्लासमधे, गच्चीवर कपडे वाळवताना, तुरीच्या शेंगा सोलताना. कधी कधी मले वाटायचं, नको हो बुद्धा, हिले हे खरोखर नको विचारू देऊ. हो म्हटलं तरी हिचं काळीज फाटणार, नाही म्हटलं तरी फाटणार. पण तिले पाहिजे होतं. तिच्या पोराचं होतं ते, तिचंच होतं. मंग मी कोण अडवणारी?

मेघानं आणखी एक शिकवलं. समोरचा भरभर बोलला तं घाबरायचं नाही. हात वर करायचा अन् म्हणायचं, "स्लोली, प्लीज."

डिसेंबरात मरिसेल आली. बारीक, ठेंगणी, सावळी. गर्दीत उभी केली तं आपलीच कोणी वाटली असती. संघपालच्या अस्थी तिनं कापडात गुंडाळून पूर्ण प्रवासभर मांडीवर ठेवल्या होत्या. खुशी आजीले पाहून आधी मायच्या मागं लपली, मंग अर्ध्या तासानं आजीच्या बांगड्या मोजाले लागली. पोट्टीचं कपाळ सेम संघपालचं. मी घरी जाऊन रडून आली.

कांताबाईनं कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. मरिसेलनं चार खाल्ल्या. कांताबाई म्हणाली, "डू यू लाइक इट?" अन् मरिसेलनं हातातली वडी तशीच धरून तिच्याकडं पाहिलं. "मामा, यू स्पीक इंग्लिश?" मामा म्हणजे तिच्याकडं आई. जितेंद्र तिथंच होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला. त्याले माहीत होतं माय क्लासले जाते, पण त्याले वाटत होतं विरंगुळा म्हणून जाते.

चार दिवसांनी विहारात संघपालचं पुण्यानुमोदन होतं, गेलेल्याच्या नावानं करतात ते. आदल्या दुपारी जितेंद्र भंतेजींकडं अन् मंडपवाल्याकडं गेला. खुशी माझ्या मालकांजवळ टीव्हीवर कार्टून पाहत बसली. आंगणात ऊन चांगलं पडलं होतं. आम्ही तिघी तिथं चटईवर. कांताबाईनं माझ्याकडं पाहिलं अन् मी समजली. उठून जाव म्हटलं, तं तिनं माझं मनगट धरलं.

"मरिसेल," ती म्हणाली. "आय वॉन्ट टू आस्क यू वन थिंग."

"यस, मामा."

"इन हॉस्पिटल. माय सन. डिड ही आस्क फॉर मी?"

मरिसेलनं चहाचा कप खाली ठेवला. अन् जे बोलत सुटली, ते मले तं एक अक्षर कळेना. कांताबाईनं हात वर केला. "स्लोली. प्लीज."

मरिसेल थांबली. नाक पुसलं. तिचं इंग्रजी बी शिकलेलंच होतं, मायबोली नव्हती. म्हणून असन, तिले सोपं करून सांगता आलं. "एव्हरी इव्हिनिंग," ती म्हणाली. "ही आस्क्ड फॉर यू एव्हरी इव्हिनिंग."

रोज संध्याकाळी.

मंग तिनं एकेक शब्द सुटा करून सांगतलं. कांताबाई मान हलवत होती, अन् मले बी सगळं समजलं. सुरुवातीले संघपालच म्हणत होता, आईले सांगू नका. मंग शेवटी शेवटी त्याले राहवेना. सकाळी तो औषधाच्या गुंगीत असायचा. संध्याकाळी तेवढे डोळे उघडायचा अन् म्हणायचा, आईले फोन लाव. मरिसेल लावायची. जितेंद्र उचलायचा. तिकडं संध्याकाळ म्हणजे इकडं अर्धी रात्र. जितेंद्र म्हणायचा, आई झोपली आहे. संघपाल म्हणायचा, मंग नको उठवू, झोपू दे तिले, उद्या बोलतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या हाताले तिची बोटं रुतून राहिली होती.

"वन डे," मरिसेल म्हणाली, अन् तिले पुढं बोलता येईना. मंग बोलली. एक दिवस संघपालनं तिले विचारलं, आई माझ्यावर रागावली आहे का? मी इकडं आलो, इकडंच लग्न केलं, म्हणून? ती उठत काहून नाही? मरिसेल म्हणाली, नाही, ती झोपली आहे. तो म्हणाला, रोजच? त्याच्यानंतर त्यानं फोन लाव म्हटलं नाही.

तिनं कांताबाईचे दोन्ही हात हातात घेतले. "मामा, वेअर यू अँग्री विथ हिम?"

तेव्हा मी वर पाहिलं. जितेंद्र फाटकात उभा होता. हातात हारांची पिशवी. मरिसेलची पाठ त्याच्याकडं होती, तिले तो दिसत नव्हता. आमाले दोघींले दिसत होता. किती वेळचा उभा होता कोण जाणे, पण त्यानं ऐकलं होतं. पन्नाशीले टेकलेला माणूस, शाळेत चोरी पकडल्यासारखा उभा. त्यानं मायकडं पाहिलं, अन् माय त्याच्याकडं पाहतच राहिली.

मी मनात म्हटलं, सांग कांताबाई. आता सांग. याच्यासाठीच शिकली तू. दाखव बोट त्याच्याकडं.

"नो," कांताबाई म्हणाली. "नॉट अँग्री. नेव्हर अँग्री." तिनं श्वास घेतला. मले वाटलं हिले शब्द सापडून नाही राहिले. पण ती शब्द शोधत नव्हती. "आय वॉज स्लीपिंग," ती म्हणाली. "आय टेक मेडिसिन. हार्ट मेडिसिन. मच स्लीपिंग. माय सन जितेंद्र, ही ट्राय. आय नॉट वेक अप."

झोपली होती म्हणे! स्टेंट घातल्यापासून त्या बाईचा डोळ्याले डोळा लागला नव्हता. माझ्या मोरीच्या खिडकीतून तिची खोली दिसते. मी कधी बी पाण्याले उठली तं हिचा लाइट सुरू, अन् ही पलंगावर बसून. मी विचारायची तं म्हणायची, काही नाही वं, उगाच जीव घाबरून राहिला. संघपालचा फोन नाही आला बरेच दिवस. पलीकडच्या खोलीत जितेंद्र फोन घेऊन, अन् मधे एक भिंत. अन् ही म्हणते, मी झोपली होती. मी तोंड उघडलंच होतं. तिनं माझं मनगट असं दाबलं का दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं.

मरिसेल तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पण ते रडणं वेगळं होतं, ओझं उतरल्याचं. "आय टोल्ड हिम," ती म्हणत होती. "आय टोल्ड हिम, मामा इज ओन्ली स्लीपिंग." कांताबाई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. जितेंद्र बाजूनं मागच्या आंगणात गेला. त्यानं नळ सुरू केला, कितीतरी वेळ बंद केला नाही.

पुण्यानुमोदन झालं. अस्थी कन्हान नदीत सोडल्या. मरिसेल अन् खुशी गेल्या, उन्हाळ्यात पुन्हा येतो म्हणून गेल्या. जाताना मरिसेलनं जितेंद्रले वाकून नमस्कार केला, मोठा भाऊ म्हणून. तो दोन पावलं मागं सरकला. मी सगळं पाहत होती अन् आतल्या आत शिजत होती.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कांताबाईच्या घरी गेली. मले राहवलंच नाही. "काहून खोटं बोलली वं? एवढे महिने माझं डोकं खाल्लं. गच्चीवर, बाजारात, जिथं तिथं मले मरिसेल बनवलं. अन् खरं हातात आलं तेव्हा असं टाकून दिलं?"

"टाकलं कुठं," ती म्हणाली. "घेतलं ना. त्यानं माझं विचारलं होतं. रोज विचारलं होतं. मले पाहिजे होतं ते भेटलं."

"अन् जितेंद्र? त्याचं काहीच नाही?"

कांताबाईनं दाराकडं पाहिलं. मंग म्हणाली, "त्यानं मले वाचवाले केलं, गोपिका. चुकला. लय चुकला. माझ्या जिवात जीव आहे तोपर्यंत मले हे विसरता येणार नाही. पण मी तेव्हा तोंड उघडलं असतं तं मरिसेलनं त्याचं तोंड पाहिलं नसतं. खुशीले या घरात पुन्हा आणलं नसतं. अन् हा? हा जगला असता का? एक पोरगा गेला. दुसरा मीच घालवू का?"

मी तिच्या बाजूले बसली.

"संघपाल काय समजून गेला, मले आता माहीत आहे," ती म्हणाली. "आई रागावली, असं समजून गेला. ते मले पुसता येत नाही. मरिसेलच्या मनातून तरी पुसलं. ती खुशीले सांगन, आजी झोपली होती. तेवढंच माझ्या हातात होतं."

अन् मंग ती रडली. संघपाल गेला त्या दिवशी रडली नव्हती, अस्थी सोडताना बी नाही. आता तोंडात पदर कोंबून रडली. "मी जागी होती वं," ती म्हणाली. "जागीच होती. नुसती हाक मारली असती तं उठून आली असती."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. दुसरं काय करणार होती? थोड्या वेळानं फाटकात गाडीचा आवाज आला. जितेंद्र दुकानातून आला होता. कांताबाईनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले अन् त्याच्या पोळ्या टाकाले उठली.